भेगेतले सोने

फार पूर्वी कुंभवती नगरीत सुषेण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व सोनझाऱ्यांच्या कुळात जन्मला होता. सोनझारी म्हणजे नदीची वाळू लाकडी पाटीत धुऊन सोन्याचे कण वेचणारे लोक. कण गुळगुळीत असेल तर तो लांबून वाहत आला, टोकदार असेल तर उगम जवळ आहे, हे बोधिसत्त्व जाणत होता.

एके वर्षी टोकदार कण सापडले. त्यांचा माग काढीत तो धाकटा भाऊ रेवत याच्यासह डोंगर चढला. माथ्याजवळ खडक उभा फाटला होता. भेगेत पांढरी गारगोटी भरली होती आणि गारगोटीत सोन्याच्या तारा चमकत होत्या.

घरी असलेली बायको सोमा आठवून रेवताचे डोळे भरून आले. "दादा, सोमाचे दिवस भरत आलेत. अजून गार पाण्यात उभी राहून वाळू धुते ती. आता नाही धुणार." त्याने घण उचलला.

"थांब रे," बोधिसत्त्व म्हणाला. "ही भेग गावाकडे उतरते. आपल्या झऱ्याचं पाणी हिच्याच वाटेनं येत असलं, तर फोडल्यावर ते भलतीकडेच वळेल."

"ठणठणीत कोरडी आहे भेग! म्हातारा झालास तू."

"झालो असेन. माझ्यासाठी एवढं कर."

दगड लागला तर जखमेवर लावायला सोनझारी कमरेला हळद बांधत. बोधिसत्त्वाने दोघांची हळद पखालीत कालवली आणि सगळे पाणी भेगेत ओतले. "आता झऱ्यापाशी जाऊन बस. पाणी स्वच्छच राहिलं, तर पहिला घाव मी घालीन."

रेवत कुरकुरत उतरला. उन्हे कलली तरी झरा स्वच्छ होता. तो उठणार, इतक्यात सोमा घागर घेऊन आली. वाकली आणि हसली.

"अहो, वर कुणाची हळद लागलीय? पाणी बघा की!"

घागर पिवळ्या पाण्याने भरत होती.

रेवत पुन्हा वर आला आणि त्याने घण बाजूला ठेवला. दोघांनी दगडमातीने भेग बुजवली.

"दादा, सोमाला काय सांगू?"

"सांग, उद्यापासून तिची पाटी मी धुईन."

भिक्षूंना आपल्या पूर्वजन्माची ही कथा एवढी सांगून भगवान शास्ते थांबले. मग म्हणाले, "भिक्षूंनो, तो रेवत म्हणजे आज माझ्या उजवीकडे बसलेला सुमन. सोमा म्हणजे रोज आपल्या पात्रात पहिली ओंजळ घालणारी ती उपासिका. आणि थोरला भाऊ मी होतो."

सुमनाने मान खाली घातली. शास्त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"गावाचे पाणी राखावे आणि आपल्या माणसाचे ओझे आपल्या पाटीत घ्यावे. हीच मैत्री."