यंत्रमाणसाचा मऊ हात

एकदा एका खाडीकाठच्या गावात धाकू नावाचा एक गडी राहत होता. घरात त्याची बायको पार्वती आणि एकुलती एक लेक सुगंधा. धाकूचा धंदा माडावर चढून नारळ उतरवण्याचा. गावातले सारे माड त्याच्या पायांना ओळखत. पण एके दिवशी त्यातल्याच एका माडाने त्याला टाकले. जीव वाचला, कमरेखालचे बळ मात्र गेले. तेव्हापासून पार्वती त्याला सकाळी उठवून बसवी, दुपारी कुशीवर वळवी, संध्याकाळी ओटीवर आणी. पाहता पाहता तिचीच पाठ वाकली. लेकीला दिसत होते की हे असेच चालले, तर घरात लवकरच दुसरे अंथरूण पडेल.

त्या काळी शहरात एक वृद्ध गुरुजी यंत्रमाणसे घडवीत. दोन हात, दोन पाय, माणसासारखी चाल. लोक त्यांना रोबो म्हणत. सुगंधा त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, बाबांना उठवणारा यंत्रमाणूस मला करायचा आहे. गुरुजींनी तिला शिष्या म्हणून ठेवून घेतले, आणि जुंपले कशाला, तर फुटबॉल खेळणारा यंत्रमाणूस करायला.

दर वर्षी यंत्रमाणसांचे सामने भरत. लांबलांबचे संघ आपापली यंत्रे घेऊन येत. ते सगळे ठीक, पण आपल्या बापाला काय गोल मारायचा आहे, हे सुगंधाला उमजेना. तिने एकदा ते बोलूनही दाखवले. गुरुजी म्हणाले, "कार्यशाळेत आपण यंत्राला जपतो. मैदानात त्याला कोणी जपत नाही. खेळू दे."

ती कामाला लागली. तिच्या ध्यानात आले की धावता धावता यंत्रमाणसे पडतात, आणि एकदा पडली की माणसांना धावत जाऊन उचलावी लागतात. तेव्हा तिला आई आठवली. बाबांना उठवताना आई आधी कूस वळवते, मग कोपर टेकवते, मग पायाखाली आधार देते. सुगंधाने आपल्या यंत्राला तेच शिकवले. कूस, कोपर, गुडघा. त्या वर्षी सामन्यात साऱ्यांची यंत्रे पडून राहिली, तिचे तेवढे आपले आपण उठले. करंडक तिला मिळाला.

आणि आता बघा गुरुजींनी काय केले. हरलेला संघ होता घाटावरचा. संध्याकाळी गुरुजींनी त्या पोरांना मांडवात बोलावले, सतरंजीवर बसवले, चहा पाजला, आणि यंत्र उठते कसे ते पहिल्यापासून शेवटपर्यंत समजावले. त्या चालीची सारी गणितेही त्यांच्या हवाली केली. सुगंधा करंडक छातीशी धरून बघतच राहिली.

"गुरुजी," ती म्हणाली, "माझ्या आईची पाठ मोडली, त्यातून मी हे शिकले. तुम्ही चण्याफुटाण्यांसारखे वाटून टाकलेत."

"वाटले आहे, टाकलेले नाही," गुरुजी म्हणाले. "आता घरी जा. बाबांना उठवून बघ."

ती गेली. यंत्रमाणसाने धाकूला उचलले खरे, पण त्याचे हात म्हणजे निव्वळ पक्कड. धाकूचे दंड काळेनिळे झाले.

"बाय," लेकीला वाईट वाटू नये म्हणून तो हसत म्हणाला, "तुझा गडी मला उठवत नाही, सोलतोय."

पण पुन्हा त्याने यंत्राला अंगाला हात लावू दिला नाही. पार्वतीने पदर खोचला आणि वाकून नवऱ्याच्या पाठीखाली हात घातला.

त्यानंतर वर्षभर सुगंधा यंत्राच्या हातांमागे लागली. कितीदा खोलले, कितीदा जोडले. हात काही मऊ होईनात.

पुन्हा सामने आले. घाटावरच्या संघाचे यंत्र पडले, आणि हुबेहूब तिच्या आईच्या रीतीने उठले. सुगंधाच्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्याचे पडणेही वेगळेच होते. जमिनीला तळवा लागताच त्याचा हात जरा मागे सरे, तोल घेई, निजलेल्या लेकरावर ठेवावा तसा टेके. तिचे यंत्र ताठ पडे. एकदा असे पडले की मनगटच निखळले. सामना हातचा गेला.

"झाले समाधान?" तिने गुरुजींना विचारले.

गुरुजींनी नुसते समोर बोट दाखवले. घाटावरच्या संघाची म्होरकी, एक ठेंगणी, खणखणीत आवाजाची मुलगी, पंच्यात काहीतरी गुंडाळून घेऊन येत होती.

"ताई, तुम्ही उठण्याचा घोर मिटवलात," ती म्हणाली. "मग वर्षभर आम्हाला पडण्याशिवाय धंदाच उरला नाही. हा घ्या, आमच्या यंत्राचा हात. तुमच्या गुरुजींनी आम्हाला दाखवले, तसा उघडा करून दाखवते."

सुगंधाने आपले मनगट त्या यंत्राच्या पंज्यात दिले. पंजा मिटला, क्षणभर थबकला, मनगटाचा अंदाज घेऊन सैलावला. तिच्या डोळ्यांत पाणी आले.

तेव्हा गुरुजी बोलले. "तू एकटी आणखी दहा वर्षे बसली असतीस, तरी एका डोक्याचेच काम झाले असते. इथे हरलेला प्रत्येक जण वर्षभर तुझ्याच कोड्यावर जागतो, कारण त्याला तुला हरवायचे असते. मात्र त्याला तू जिथे पोचलीस तिथून निघू दिले पाहिजे. नाहीतर तोही उठण्यातच अडकेल, आणि तुझे बाबा तसेच पडून राहतील. चेंडू हे निमित्त आहे, बाळ. आपण सारे मिळून हात घडवतो आहोत."

सुगंधाने मान खाली घातली. मग त्याच सतरंजीवर बसून, कोणी न विचारता, जिवंत माणसाचे वजन उचलताना आपले काय चुकले होते ते सारे तिने घाटावरच्या पोरांना सांगितले.

घरी नव्या हातांनी यंत्रमाणसाने धाकूला उचलले. धाकूने आधी डोळे गच्च मिटले, मग एक उघडला, मग दुसरा. "माडाशी ने," तो म्हणाला. ज्या माडाने त्याला टाकले होते, त्याच्याच बुंध्यावर हात ठेवून तो बराच वेळ वर बघत राहिला. पार्वती ओटीवर उभी होती. मोकळ्या हातांचे काय करावे, हे तिला कळेना. शेवटी तिने भरदिवसा एक चटई पसरली आणि पाठ टेकली.

त्या घरात दुसरे अंथरूण पडले खरे, पण ते सुखाच्या झोपेचे.