उंबरठ्यावरचा शब्द

एका राज्यात, जिथले डोंगर रोज पहाटे आपापली जागा बदलत, चित्रांगी नावाची राजकन्या सून होऊन आली. राजवाड्याला दरवाजा एकच, तोही फक्त आतून दिसे; परतणाऱ्याला नुसती भिंत लागे. नव्या नवरीला माप ओलांडताना तेवढी सूट होती. हे तिला लग्नानंतर सांगण्यात आलं.

राजाराणी एकमेकांशी बोलत नसत.

"मैने, सांग त्यांना, पान वाढलंय."

"मैने, सांग तिला, भूक नाही."

निरोप पाळीव मैना नेई, भातही मैनाच खाई. दाराबाहेर एक म्हातारा रोज हवा चाचपत उभा असे. चित्रांगीने विचारलं, की तिचा नवरा, राजपुत्र, म्हणे, "आमच्याकडे असंच असतं."

नागपंचमीला तिला माहेरी न्यायला तिचा भाऊ मुराळी होऊन आला. हाताच्या अंतरावरून ओरडला, "ताई, भिंतीआड आहेस ना? आई वाट बघतेय!"

गेली तर सासर तुटणार, राहिली तर माहेर.

"मैने, हा घोळ काय आहे?"

"धाकटे महाराज, राजांचे भाऊ, भांडून निघाले. 'येतो' म्हणायचं सोडून 'जातो' म्हणाले. वाटेने जादूगार चालला होता. त्याने शब्द खरा केला."

"भांडण कशावरून?"

"राजे म्हणतात घोड्यावरून, राणीसाहेब म्हणतात लाडवावरून."

"आणि धाकटे महाराज कुठे आहेत?"

"ते काय, हवा चाचपताहेत."

चित्रांगीने दोर फेकला. त्याचा साप होऊन तो निघून गेला. माप बाहेर ठेवलं. ते घरंगळत आत आलं. मग तिने हाक मारली, "काकासाहेब, तेव्हा राहिलेलं आता म्हणा."

"सूनबाई, बाहेर उभा राहून निरोप कसा घेऊ?"

"निघणाऱ्याचा आणि पोचणाऱ्याचा शब्द एकच आहे, काकासाहेब."

म्हातारा पुटपुटला, "दादासाहेब... येतो."

बाहेरून दरवाजा दिसू लागला, पण धुरासारखा.

राजा म्हणाला, "मैने, सांग त्याला—"

मैनेने चोच पंखात खुपसली.

"अहो," राणी थेट त्याच्याकडे बघत म्हणाली, "तुमचं तुम्हीच सांगा."

राजा उठून उंबरठ्यापाशी आला.

"ये," तो म्हणाला. "पायरी जपून. अजून तशीच हलते."

धाकटा पायरी न चुकता आत आला. शाप सुटला. पानं वाढली गेली, आणि घोडा की लाडू यावरून तिघे पुन्हा कडाडून भांडले. या वेळी तोंडातोंडी.

चित्रांगीला त्यातलं काही कळलं नाही. ती भावासोबत निघाली, उंबरठ्यावर थांबली. भांडण थांबलं.

"येते," ती म्हणाली.

"ये!" सगळे ओरडले, मैनासुद्धा.

वळणावरून तिने मागे पाहिलं. दरवाजा दिसत होता.