माना टाकलेली रोपं

दुपारचे साडेतीन. खाडीकाठच्या मठाचं स्वयंपाकघर.

"पाणी देऊनही झाड मान टाकतं, असं कसं होईल, माई?"

विचारणारा सुव्रत. वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन मठात आलेला. मठाच्या मिरचीची लागवड त्याच्याकडे होती. शेजारच्या वाड्यांतली माणसंही त्यालाच विचारून पाणी सोडत.

उजव्या मुठीत एक लोळलेलं रोप. मुळांना ओला चिखल.

गोदामाई परातीत काकडीच्या चकत्या करत होत्या. मठात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी मान वर केली नाही.

"तू काय केलंस?"

"तळ्यावरचा पंप सकाळपासून चालू आहे. पेशीत पाणी शिरतं, पेशी फुगते, भिंतीला रेटते. म्हणून पान ताठ राहतं. पाणी कमी पडलं की सगळं ढिलं. साधी गोष्ट आहे. आणखी पाणी द्यायचं."

"साधी आहे खरी," माई म्हणाल्या. "बैस. संध्याकाळची पंगत आहे. मीठ लाव हिला."

"माई, तिकडे रोपं मरतायत!"

"लाव म्हटलं ना."

त्याने रोप खाली ठेवलं नाही. डाव्या हातानेच परातीत मीठ चोळलं, रागारागाने.

दारात चाहूबाई आल्या, शेजारच्या वाडीच्या. पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलात भरलेले.

"दादा, पानी चालूच ठेवू ना? रोपां तं आजूनच माना टाकतान."

"ठेवा चालू. मी सांगतो ना!"

चाहूबाई हलल्या नाहीत. सुव्रत मीठ चोळत राहिला.

माईंनी परात कलती केली. एका बाजूला पाणी जमलं होतं.

"हे कुणी ओतलं?"

"कुणीच नाही. काकडीचंच आहे. मिठाने सुटलं."

"आतलं ना? मग बाहेर कशाला आलं?"

"बाहेर मीठ जास्त झालं की पेशीतलं पाणी तिकडे..."

तो थांबला.

माईंनी काकडीची एक चकती उचलली. मघाशी कडक होती. आता बोटांवर वाकली.

"हात चाख," त्या म्हणाल्या.

त्याने डावा हात जिभेला लावला. "खारट. काकडीचं मीठ."

"दुसरा."

उजव्या मुठीतला चिखल त्याने जिभेला लावला.

चेहरा उतरला.

"चाहूबाई, पंप बंद करा. धावा!"

"सकाली तं तुमीच..."

"मीच सांगितलं. चुकलं माझं. बंद करा!"

"आन् रोपां?"

"गोडं पाणी मिळालं तर काही उठतील... कदाचित."

"गोडा पानी हाय कुठं? हिरीला तं तल लागला."

चाहूबाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि त्या पळत सुटल्या.

सुव्रत माईंवर उसळला.

"तुम्हाला ठाऊक होतं! सकाळीच का नाही सांगितलंत?"

"सकाळी कुठे ठाऊक होतं? आत्ता तू रोप घेऊन आलास. चिखल ओला, आणि पान लोळलेलं. तेव्हा शंका आली."

लांबवर पंपाचा आवाज चालूच होता. दोघं तो बंद होण्याची वाट पाहत राहिली...

थांबला.

"तळं गोडं होतं, माई. दिवाळीत मी स्वतः प्यायलोय. खाडी आत आली कुठून?"

"खाडी आणि तळ्याच्या मधल्या बांधातून. आणखी कुठून येणार?"

"पण बांध पक्का आहे, असं सरकारी कार्यालयाने कळवलंय! त्यांचा माणूस पाहून गेला म्हणे."

माईंनी काकडी मुठीत धरून पिळली. पाणी परातीत पडत राहिलं.

"आला होता. बांध पाहून आलो म्हणाला, इथेच बसून चहा प्यायला," त्या म्हणाल्या. "त्याच्या बुटांना चिखल नव्हता."