झिपरीची बोरं

फार वर्षांपूर्वी एका रानात साळिंदराची वखार होती आणि तिथे म्हातारी खार झिपरी कामाला होती. रानाचा मुखिया निवडायची वेळ आली, तेव्हा झिपरीने आपल्या मजुरीतली मूठभर बोरं मुंगसाच्या प्रचाराला दिली.

“साळिंदराची वखार मुंगसाच्या बाजूला गेली,” अशी बातमी रानभर झाली. समोरचा उमेदवार धनेश पक्षी साळिंदराचा जुना मित्र. तो तडक वखारीत आला आणि म्हणाला, “या खारीला कामावरून काढ.”

झिपरी हातातलं काम थांबवून ऐकू लागली.

साळिंदर म्हणाला, “माझी बोरं तुला देतो, पण तिची कोणाला द्यायची ते तीच ठरवेल.”

धनेश फणकाऱ्याने उडून गेला.

“मालक, तुमचं मत कोणाला?” झिपरीने हळूच विचारलं.

“धनेशालाच.”

“चुकताय तुम्ही,” ती म्हणाली.

“असेल. चला, जेवून घेऊ,” साळिंदर म्हणाला, आणि वाद घालत दोघं जेवायला बसली.