भुईचांदणीचा थेंब

एक होती अळंबी. एवढीशी. गोल गोल गोळी. वाळक्या पानांखाली झोपलेली.

एके दिवशी तिची साल तडकली. कट्ट! साल उलगडली, तिचे झाले चांदणीसारखे पाय. मधे टुमटुमीत पोट. पोटात तपकिरी पूड. त्या पुडीतच तिची पिल्लं. अशी झाली भुईचांदणी.

पोटावर थेंब पडला, तरच पूड उडणार. वरून थेंब आला. पण एका पानाने तो मधेच झेलला. गेला बाई थेंब.

भुईचांदणी गेली पानाखाली. टुकू टुकू टुकू.

"पाना पाना, थेंब सोड. कशी उडेल पूड?"

पानाने नाक मुरडलं. "शी! ना फूल, ना फळ. फांदीने हलवलं तर सोडीन."

आयत्या बिळावर नागोबा! थेंब काय याच्या बापाचा होता?

भुईचांदणी गेली फांदीखाली. टुकू टुकू टुकू.

"फांदी फांदी, पान हलव. पान सोडेना थेंब, कशी उडेल पूड?"

फांदीने नाक मुरडलं. "शी! ना फूल, ना फळ. झाडाने हलवलं तर हलवीन."

हिला स्वतःहून हलताही येईना. आणि तोरा केवढा!

वर ऊन चढलं. थेंब आटायला लागला.

भुईचांदणी गेली झाडाकडे. टुकू टुकू टुकू.

"झाडा झाडा, फांदी हलव. फांदी हलवेना पान, पान सोडेना थेंब, कशी उडेल पूड?"

झाडाने नाक मुरडलं. "शी! ना फूल, ना फळ. मातीने भरवलं तर हलवीन."

एवढं धिप्पाड झाड. अजून भरवावं लागतं!

माती कुठे? पायाखालीच.

"माती माती, झाडाला भरव. झाड हलवेना फांदी, फांदी हलवेना पान, पान सोडेना थेंब, कशी उडेल पूड?"

मातीने नाक नाही मुरडलं. ती म्हणाली, "वाळकी पानं कुजवून मला कोण भरवतं? तूच ना गं?"

मग माती झाडावर डाफरली. "हिच्या जिवावर जेवतंस, आणि हिलाच शी म्हणतंस? आज तुझं जेवण बंद."

जेवण बंद? झाड टरकलं.

झाड हलवी फांदी. फांदी हलवी पान. पान सोडी थेंब. थेंब पडे पोटावर.

टप्प! फुस्स! उडाली पूड.

पानाची गुर्मी अजून तशीच. "एवढी पिल्लं कशाला गं तुला?"

भुईचांदणी म्हणाली, "तू वाळशील, खाली पडशील. तेव्हा तुला कुजवून खायला ही पिल्लं नकोत का?"

पानाचं तोंड एवढंसं झालं.

पूड गेली रानात, गोष्ट गेली कानात.