ऐनाचा ओंडका आणि आठवा माणूस

“यात बघायचं काय, मामू? ऐन आहे. डोळे मिटून सांगतो.”

“मग भिंग कशाला काढलंस?” हुसैनमामूंनी विचारलं.

नंदन जरा हिरमुसला. भिंग साधंसुधं नव्हतं. वीसपट मोठं दाखवणारं, चामड्याच्या पाकिटात झोपणारं. वनशास्त्राची पदवी घेऊन तो तीन महिन्यांपूर्वी खाडीवर आला, तेव्हा आधी भिंग उतरलं आणि मग तो उतरला, असं सुतार सांगत.

मामू म्हणजे होड्या बांधणाऱ्या या सुतारांचे म्हातारे मिस्त्री. फळीला नाक लावून, झाड डोंगराच्या कुठल्या अंगाला वाढलं ते सांगायचे. त्यावर पोपट बसायचे की घुबड, तेही सांगायचे म्हणे. पोपट-घुबडाचं कोणीतरी मागाहून जोडलं असेल. डोंगराचं मात्र खरं.

त्यांनी गेरूची रेघ ओढल्याशिवाय ओंडक्याला करवत लागत नसे.

त्या रेघेसाठी नंदन तीन महिने झुरत होता. एकशे चाळीस झाडांची लाकडं त्याला पाठ होती. आणि आज मामूंनी गेरूचा खडा त्याच्या हातात दिला होता.

“लखमा तांडेलाच्या होडीचा कणा कापायचाय. वखारवाला म्हणतो ऐन आहे. तू बघ. रेघ ओढलीस की करवत लागेल. मी मध्ये बोलणार नाही.”

लखमा तांडेल शेजारीच विडी ओढत उभा होता. ऐनाचं लाकूड समुद्राच्या पाण्यात टिकतं. भलतंच लाकूड कण्याला लागलं, तर दोन पावसाळ्यांत भुसा होतो, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं.

“तपकिरी रंग, काळपट रेषा, हाताला जड,” नंदन म्हणाला. “ऐनच.”

त्याने ओंडक्याच्या टोकाला भिंग टेकवलं. करवतीने ओरबाडलेलं, धुळीने माखलेलं तोंड वीसपट ओरबाडलेलं आणि वीसपट माखलेलं दिसलं. त्याने मान डोलावली आणि गेरू उचलला.

“लखमा,” मामू म्हणाले, “होडीवर माणसं किती?”

“सात.”

“पहिल्या फेरीला आठवा घे. या साहेबांना.”

“घेतो की!” तांडेल खूश झाला. “पण काय हो साहेब, पोहता येतं ना?”

“मी... सोलापूरचा आहे,” नंदन म्हणाला.

सुतारांनी हातातली कामं खाली ठेवली. असा करमणुकीचा दिवस रोज येत नाही.

गेरू ओंडक्यापासून चार बोटांवर थांबला होता.

नंदनने खाडीकडे पाहिलं. भरती होती... पाणी चांगलं हिरवंगार, खोल, आणि अगदी निवांत.

त्याने गेरू खिशात टाकला.

“मामू, वस्तरा आहे?”

मामूंनी दाढीचा वस्तरा पुढे केला.

नंदन गुडघ्यांवर बसला. ओंडक्याच्या तोंडावरून त्याने कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ काप काढला. खालची जागा आरशासारखी चकाकली. तिला त्याने थुंकी लावली. पदवीत थुंकी नव्हती; ती तो मामूंना बघून शिकला होता.

मग भिंग.

बराच वेळ तो उठला नाही. एक विडी संपली. दुसरी पेटली.

“काय दिसतंय?” तांडेलाने विचारलं. “मी बुडालेला दिसतोय काय?”

“छिद्रं,” नंदन पुटपुटला. “ऐनात ती सुटी असतात, फार तर दोन-तीन जोडलेली. भोवती फिकट कडं असतं, चंद्राला खळं पडतं तसं. इथे खळं नाही. आणि छिद्रं एकामागे एक, लांबच लांब... माळेत ओवल्यासारखी.”

“म्हणजे?”

“हे ऐन नाही.”

“मग कसलं लाकूड?”

नंदनने मनातल्या मनात एकशे चाळीस झाडं पुढून मागे मोजली, मागून पुढे मोजली. कान लाल झाले.

“ठाऊक नाही,” तो म्हणाला. “पण ऐन नाही. रेघ नाही ओढणार.”

तांडेलाने विडी विझवली, वखारवाल्याच्या सात पिढ्यांचा खणखणीत उद्धार केला आणि ओंडका परत न्यायला बैलगाडी आणायला निघून गेला. जाताना नंदनच्या पाठीवर अशी थाप मारली, की भिंग हातातून उडालं.

सुतार पुन्हा कामाला लागले.

नंदन मामूंजवळ येऊन बसला.

“मामू, तुम्ही ओंडका येताच पाहिलात. खरं सांगा. तुम्हाला आधीच कळलं होतं ना?”

मामूंनी वस्तरा पुसला, मिटला.

“नाही.”

“चेष्टा करता! चाळीस वर्षं लाकूड बघताय. मला दिसलं आणि तुम्हाला नाही? असं कसं होईल?”

मामू खाडीकडे बघत हसले.

“अरे... मला पोहता येतं.”