तापेना ती जीप आणि उघडेनात ते व्याही

बोरखिंडी नावाच्या गावात एक भोळा जावई राहत होता. नाव त्याचं म्हाळू. सासऱ्यांची, म्हणजे केरबाआण्णांची, एक जुनी जीप होती. ती म्हाळूच चालवायचा. अंगानं दांडगा, मनानं मऊ आणि सांगितलेलं काम सांगितलं तस्संच करणारा. लोक त्याला हसायचे, पण त्यांच्याआधी तोच हसून घ्यायचा. म्हणायचा, "देव माझ्या डोक्यात गाडीवान बसवायला विसरला. नुसता बैलच बसवलाय."

माघाचा गारठा होता. मेहुणीचं, शालनचं लग्न तोंडावर आलं होतं. आणि नेमकी जीप बिघडली. इंजिन तापेचना. डिझेल ढोसायची, धूर ओकायची आणि चढ आला की रडायची. म्हाळूनं ती दस्तगीर मिस्त्रींकडे नेली.

"मिस्त्री, लोकांच्या गाड्या तापतात म्हणून लोक रडतात. आमची तापत नाही म्हणून मी रडतोय."

"किती तापतेय ते आधी बघू," मिस्त्री म्हणाले. "गाडी सुरू कर आणि ह्या काट्यावर नजर ठेव. नजर हलवायची नाही. काटा मधे आला की मला सांग."

मिस्त्री पाना आणायला आत गेले. म्हाळूनं गाडी सुरू केली, गिअर टाकला आणि काट्यावर नजर ठेवली. गाडी रस्त्यानं गेली, नजर हलली नाही. गाडी रस्ता सोडून गेली, नजर हलली नाही. मग धप्प झालं. काटा तळालाच होता. जीप मात्र सासऱ्यांच्या कडब्याच्या गंजीत होती.

मिस्त्री धावत आले. "अरे बाबा, काटा उभ्या गाडीत बघायचा! चालत्या गाडीत समोर बघायचं. फक्त समोर!"

"चुकलंच माझं," म्हाळू डोक्यातला कडबा झटकत म्हणाला. "बैल कडब्याकडेच जायचा. पण आता ध्यानात ठेवतो."

आणि त्यानं खरंच ध्यानात ठेवलं. त्याचं तेवढंच वाईट होतं.

मिस्त्रींनी बॉनेट उघडून नळीला हात लावला. नळी गार. "आत थर्मोस्टॅट असतो. पाण्याची झडप म्हण. ती बिघडलेली दिसते. नवी मागवतो. तोवर पुढच्या जाळीला पुठ्ठा लाव. गार वारा लागतो तिथं पुठ्ठा लावायचा, एवढं लक्षात ठेव."

म्हाळूनं जाळीला पुठ्ठा लावला. अगदी बरोबर लावला. काटा थोडा वर सरकलासुद्धा. म्हाळूची छाती फुगली.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी त्याला व्याह्यांना आणायला एसटी स्टँडवर पाठवलं. हैबतराव म्हणजे नवऱ्या मुलाचे वडील. पांढरंशुभ्र धोतर, गुलाबी फेटा. ते पुढच्या सीटवर बसले. जीपच्या काचेला एक भोक होतं.

"जावईबापू, समोरून फार वारा लागतोय हो."

म्हाळूनं गाडी थांबवली. मागं उरलेला पुठ्ठा होता, तो काढला आणि अख्ख्या काचेवर सुतळीनं आवळून बांधला.

"आता लागतोय?"

"आता नाही लागत," हैबतराव म्हणाले. "पण रस्ता..."

तोवर गाडी निघाली होती. म्हाळू समोर बघत होता. फक्त समोर.

ओढ्याला पाणी कमी होतं, पण चिखल भरपूर होता.

"अहो, समोर बघत नव्हता काय?" हैबतराव फेटा पिळत ओरडले.

"बघत होतो की. समोर पुठ्ठा होता."

हैबतरावांनी तोंड मिटलं ते मिटलंच. मांडवात आले, ओल्या धोतरानिशी खुर्चीत बसले. चहा नको, पाणी नको, हो नाही, ना नाही. केरबाआण्णा पुढं हात जोडून उभे. आत शालन रडायला लागली. ते ऐकून म्हाळूला नेहमीसारखं स्वतःवरच हसून घ्यायचं होतं, पण हसूच येईना.

त्याची बायको वेणू म्हणाली, "आता तुम्ही काहीसुद्धा करू नका. मागं मिस्त्री आलेत, त्यांच्याजवळ बसा."

मिस्त्रींनी जीप ओढून परसात आणली होती. त्यांनी जुनी झडप काढून दाखवली. "बघ, गार असून उघडीच. म्हणून इंजिन तापत नव्हतं. आता ही नवी बघ. घट्ट मिटलेली. ही गरम पाण्यात टाकायची. अर्धवट नाही, पूर्ण बुडवायची. ऊब लागली की उघडते."

"कितीही घट्ट मिटली असली तरी?"

"तरी. उघडली की चांगली, बसवून टाकायची. नाही उघडली तर आली तशी परत पाठवायची."

मिस्त्रींनी ती पातेल्यात टाकली. झडप हळूच उघडली. म्हाळू बघतच राहिला.

तेवढ्यात मांडवातून केरबाआण्णांचा रडवेला आवाज आला, "पाव्हणं, एकदा तोंड उघडा हो! तुम्ही तोंड उघडल्याशिवाय लग्न कसं लागायचं?"

म्हाळू उठला. वऱ्हाडाच्या आंघोळीसाठी ऊन पाणी विसणून परसातल्या पिंपात भरून ठेवलं होतं. तो मांडवात गेला, हैबतरावांना खुर्चीतून अलगद उचललं, परसात आणलं आणि पिंपात सोडलं. अर्धवट नाही, पूर्ण.

हैबतराव वर आले. तोंड उघडलं. असं उघडलं की वाजंत्र्यांची सनई थांबली. दम लागेपर्यंत त्यांनी शिव्या दिल्या. पण सकाळपासून कुडकुडलेल्या अंगाला ऊब लागली होती. शिव्या संपल्या आणि त्यांना खुदकन हसू आलं. मग ते पाणी उडवत हसतच सुटले.

"केरबाआण्णा," ते डोळे पुसत म्हणाले, "असला जावई सांभाळता, म्हणजे माझ्या पोराला तुमच्याकडे काही कमी पडायचं नाही. मुहूर्तावर लग्न लावा!"

केरबाआण्णांनी देवाला हात जोडले. वेणू शालनला सांगायला आत पळाली.

म्हाळूनं मात्र निथळत्या हैबतरावांना पिंपातून काढून खांद्यावर घेतलं होतं आणि तो जीपकडे निघाला होता.

"मिस्त्री, उघडला! चांगला निघाला! बॉनेट वर करा, बसवून टाकू!"